मालक गावाला गेलेत

सई आणि ओंकार,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं मला हसलात. ओंकारला पडद्याच्या कोपऱ्यात माझ्या पायातल्या चपला दिसल्या आणि सईला खांद्यावरची पर्स. "आजी, तू घरातच बसली आहेस ना, मग पर्स कशाला?" असं विचारलंत, आणि मी उत्तर द्यायच्या आत तुमच्या आईने तुम्हाला पोहायच्या वर्गाला पळवलं. जाता जाता ती म्हणाली, "आई, या सुट्टीत येणं काही जमत नाही. पण रविवारी दिसतोच की आपण." ते खरंच आहे, दिसतो. पर्सचं उत्तर मात्र राहून गेलं, आणि ते फोनवर सांगण्याइतकं लहान नाही, म्हणून लिहून पाठवते. ही सवय माझी नाही. ती मला आमच्या घरमालकांकडून लागली.

तुमचे आजोबा गेल्यावर मी सोलापुरात एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते, त्या घराचे हे मालक. सगळं जग त्यांना मालकच म्हणे, त्यांची बायको अक्कासुद्धा, फक्त तिच्या तोंडी तो शब्द शिवीसारखा यायचा. मला कुठलीही गोष्ट क्रमाने सांगायची सवय आहे. कॉलेजात इंग्रजी शिकवून ती हाडात मुरली. पण मालक क्रमात बसणारे नव्हते, तेव्हा जसे आठवतील तसे सांगते.

त्यांना गाडी लागायची. तुम्हालाही घाटात लागते, पण तुमचं लागणं म्हणजे काहीच नाही. मालकांना बस लागायची, रिक्षा लागायची, जत्रेतला पाळणा नुसता बघून लागायचा. मुलाने एकदा हौसेने फिरती खुर्ची आणली, ती दुसऱ्या दिवशी दुकानात परत गेली. लहानपणी ते मैंदर्गीहून बसने सोलापूरला आले. त्या प्रवासात त्यांचे असे हाल झाले, की उतरल्यावर त्यांनी ठरवलं, आता पुरे. त्यानंतर कित्येक वर्षं ते मैंदर्गीला परत गेले नाहीत. सायकलने शहराबाहेरच्या कुंभारीपर्यंत जात. कुंभारीची वेस ही त्यांच्या पृथ्वीची कड होती. अक्का दुधनीची. लग्नाला नवरदेव दुधनीला जाईना, तेव्हा नवरीकडची माणसंच वाजतगाजत सोलापूरला आली. हे अक्का मला जिन्यात भेटली की सांगायची. "म्याडम, बायका सासरी जातात, मान्य. पन नवऱ्याला आणायला मीच गेले."

घराच्या मागच्या अंगाला त्यांचा शेंगदाण्याच्या तेलाचा घाणा होता. माझ्या साड्यांना, पुस्तकांना, चहालासुद्धा ताज्या तेलाचा वास असायचा आणि मला तो आवडायचा. आता विचार करा, ज्या माणसाला कुंभारीच्या पुढे जाता येत नाही, तो दुधनी-मैंदर्गीच्या बाजारातून शेंगा कशा घेणार? मालक फोनवरून घ्यायचे. शेंग चांगली वाळली की आत दाणा सुटा होतो आणि हलवली की खुळखुळतो. मालक अंगणात खुर्ची टाकून डोळे मिटून बसत.

"पोत्यात हात घाल. तळातनं काढ, वरनं नगं. हां. आता फोनशी धर आनि हलीव." मग बराच वेळ ऐकणं. "वली हाय."

पलीकडून आवाज यायचा, "मालक, उन्हात वाळवलीया की."

"उन्हात न्हाय, उन्हाच्या शेजारी वाळवलीयास. दोन दिस थांब आनि मग हलीव."

या धंद्यातून त्यांनी एक तत्त्वज्ञान काढलं होतं. "पायानं नुसतं अंग जातं, म्याडम. मानूस जातो कानानं." अक्का आतून म्हणायची, "आनि उलटी कशानं जाती?"

मग मुलाने त्यांना व्हिडिओवाला फोन घेऊन दिला, आणि ज्या माणसाला आजवर कुठे जाता आलं नव्हतं तो जिकडेतिकडे जायला लागला. पुण्याला बारसं, लातूरला वास्तुशांत, विजापूरला कुणाचं ऐंशीवं. बाकीचे लोक लुंगीवर बसून, मध्येच भाजी निवडत फोनवर लग्नं बघतात. मालकांना ते बघवत नसे. ते म्हणत, "गावाला जायाचं तर निगावं लागतं. न निगता पोचलेला मानूस तितं बी नसतो आनि हितं बी नसतो."

म्हणून ते निघत. सकाळी आंघोळ, धोतर, कोट, टोपी. अक्काने हातावर दही घालायचं. देवाला नमस्कार करून, छत्री आणि पिशवी घेऊन ते पुढच्या दाराने बाहेर पडत, पायरीवर उभं राहून "येतो" म्हणत, आणि घराला वळसा घालून बोळातून मागच्या खोलीत शिरत. ती खोली म्हणजे परगाव. तिथे फोन मांडलेला असे. परत येईपर्यंत ते सोलापुरात नसत. दाराशी कोणी आलं की अक्का सांगे, "मालक गावाला गेलेत," आणि बरोबर त्याच वेळी मागून मालकांचा खणखणीत आवाज येई, "बाळाचं नाव काय ठेवलं म्हनं?"

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. एकदा अवेळी पाणी आलं आणि वरच्या टाकीचा कॉक काही केल्या मला फिरेना. मी मागच्या खिडकीशी गेले.

"मालक, पाणी आलंय. जरा कॉक सोडता?"

त्यांनी मान वळवली नाही. "म्याडम, मी पुण्यात हाय."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"पुण्यातनं दोन मिन्टात कसं येऊ?"

अक्का पदर खोचून माझ्यामागे आली. "पुण्यातनं जरा वाका आनि हात लांब करा," ती म्हणाली. मालक हलले नाहीत. कॉक शेवटी अक्कानेच फिरवला, आणि संध्याकाळी मालक पुढच्या दाराने घरी आले, चपला काढल्या, आणि मला वर हाक मारून विचारलं, "काय म्याडम, पानी आलतं का?"

जेवणाचाही नियम होता. तिकडे जे असेल ते इकडे. ते आधी फोन करून बेत विचारून घेत. "तितं श्रीखंड हाय, मग हितं पिठलं कसं चालंल?" अक्का म्हणायची, "मग तितंच जेवा." पण करायची. मग ते श्रीखंड वाटीत झाकून माझ्याकडे यायचं, गावाहून आणलेलं म्हणून.

सांत्वनाला गेले की मात्र ते बोलत नसत. मी एकदा पाहिलं आहे. विजापूरला त्यांचे एक जुने व्यापारी मित्र वारले होते. फोनमध्ये समोर मित्राचा भाऊ बसलेला, इकडे मालक, आणि दोघंही गप्प. मध्येच तिकडे कोणी चहा ठेवला, इकडे अक्काने ठेवला, दोघांनी घेतला नाही. मला वाटलं फोन अडकला. मालकांनी नंतर समजावलं, "अशा घरी जाऊन बोलायचं नसतंय. बसायचं असतंय." परत आल्यावर त्यांनी आंघोळ केली.

याच बसण्यासाठी त्यांनी स्टूल करून घेतलं. फोन ठेवायचं स्टूल. सुतार आमच्या गल्लीतलाच, पण त्याला समोर बसवून मालकांनी त्याच्या डोळ्यांची उंची मोजली, माझ्या मोजली, अक्काच्या मोजली. "समोरच्याला वर बगाय लागू न्हाय आनि खाली बी बगाय लागू न्हाय," ते म्हणाले. एवढं करूनही एक पाय आखूड राहिला आणि त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी आली.

आता गिरिजा. ही मालकांच्या बहिणीची मुलगी, दुधनीची. तिचे वडील ती लहान असतानाच गेले. तेव्हापासून वडिलांच्या जागी मामा, म्हणजे फोन. तिचा अभ्यास, तिचे रुसवे, तिची पहिली नोकरी, सगळं मालकांनी फोनवरून निभावलं. तिच्या गोवराच्या तापात ते तीन दिवस "दुधनीला" होते, मागच्या खोलीतून जेवायलासुद्धा आले नव्हते. तिचं लग्न ठरलं आणि अक्षतेचा दिवस निघाला. आपल्याकडे नवरीला मामाने मांडवात आणायचं असतं आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं असतं. मालकांनी उत्साहाने जाहीर केलं की ते येणार. स्टूल दुधनीला पाठवायचं, त्यावर अक्काचा फोन ठेवायचा, फोनला फेटा बांधायचा, आणि स्टूल नवरीच्या मागे.

गिरिजाने हे फोनवर ऐकून घेतलं. मी तेव्हा अंगणातच होते.

"मामा, स्टूल पाठवनार तुमी?"

"व्हय. चांगलं पालिश मारून."

"मग मी बी नवऱ्याकडं फोनच पाठवते. दोन फोन पाटावर बसवा आनि लगीन लावा. आमी दोघं घरी झोपतो."

मालक हसले, मग हसायचे थांबले, कारण ती हसत नव्हती.

"मामा, एवढी वर्षं तुमी फोनात होता. मी कंदी काय म्हनले का? पाठीशी कोन हाय ते बगायला मागं वळता येत न्हाय नवरीला. तितं फोन नगं मला. तुमी आला न्हाई तर ती जागा रिकामी ऱ्हाईल. दुसरं कोन उभं ऱ्हानार न्हाय." आणि तिने फोन ठेवला.

त्या संध्याकाळी मालक प्रथमच माझ्याशी तत्त्वज्ञान सोडून बोलले. म्हणाले, "उलटीचं भ्या न्हाय, म्याडम. पन गाडीतनं उतरलो की दोन दिस पायात जीव नसतो. मामानं उभं ऱ्हायाचं असतं. सगळ्या पावन्यांम्होरं आडवा पडलो तर पोरीचं काय?" स्टूल, पुठ्ठ्यासकट, अक्काबरोबर दुधनीला गेलं.

हळदीच्या दिवशी बाकी सगळे दुधनीला, घरात मालक आणि मी. दही मी घातलं. ते फेटा बांधून पुढच्या दाराने निघाले, मागच्या खोलीत आले, आणि स्टूल गेल्यामुळे त्यांनी आपला फोन पिठाच्या डब्यावर मांडला. दुधनीत अक्काने स्टुलावर फोन ठेवला होता, त्यालाही फेटा. गिरिजा हळद लावून बसली होती आणि फोनकडे बघत नव्हती. तासभर मालकांनी तिच्या कानाकडे बघितलं.

मग देवाला जायची वेळ झाली आणि हलगी सुरू झाली. गिरिजाचा काका म्हणजे तिच्या वडिलांचा भाऊ, आडव्या अंगाचा, आनंदी माणूस. त्याला वाटलं, मामा एकटाच मांडवात कशाला मागे राहील. त्याने फोन फेट्यासकट स्टुलावरून उचलला, हात उंच केला आणि नाचायला लागला.

आमच्या पडद्यावर आभाळ आलं. मग दिव्याची माळ, कुणाची टाच, आभाळ, हलगीवाल्याचं कोपर, एक शेळी, आभाळ, काकाची बगल. शेळी पुन्हा आली. मालकांनी डब्याची कड धरली.

"म्याडम," ते म्हणाले, "गाडी थांबवाय सांगा."

"मालक, गाडी नाही. आपण घरी आहोत."

"मग हे काय चाललंय?"

मी पुढे सरेपर्यंत उशीर झाला होता. कोपऱ्यात तांब्याचं घंगाळ होतं ते मी वेळेवर पुढे केलं एवढंच. माझा फोनकडे हात पोचला नाही, त्यामुळे दुधनीत सगळ्यांनी सगळं पाहिलं. हलगी थांबली. आभाळ स्थिर झालं. मग पडद्यावर गिरिजाचा हळदीने माखलेला चेहरा आला.

"मामा, गाडी लागली?"

"व्हय."

"घरात बसून?"

"व्हय की."

ती ओठ दाबून बघत राहिली आणि मग अशी हसायला लागली, की तिच्या हळदीला भेगा पडल्या. तिच्यामागे काका, काकाच्या मागे हलगीवाले, अक्का तर जमिनीवरच बसली. इकडे मालकांनी टॉवेलने तोंड पुसलं आणि विचारात पडले. त्या माणसाचा चेहरा इतका गंभीर मी सांत्वनातही पाहिला नव्हता.

"म्याडम, घरात बसून बी लागतीया म्हनल्यावर," ते म्हणाले, "घरात बसायचं कारन काय ऱ्हायलं?"

यात मला तर्काची एकही चूक सापडली नाही. "नडीरी," ते म्हणाले. कानडीत म्हणजे चला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घाण्यावरच्या टेंपोने निघालो. खिडकीशी मालक, मध्ये मी, मांडीवर लिंबांची पिशवी, हातात चालू फोन, कारण गिरिजाने बजावलं होतं की फोन बंद करायचा नाही, मामा कुठवर आला ते कळत राहिलं पाहिजे. दुधनीत काकाने अक्काचा फोन थेट मांडवातल्या माइकला लावला. मी मालकांच्या तब्येतीची बातमी देत होते आणि काका ती जगाला ऐकवत होता.

"मंडळी, मामा कुंभारीत. वेशीवर उलटी झाली. पुढं निघाले."

पलीकडे टाळ्या.

"मामा वळसंगात. एक उलटी. तब्येत उत्तम."

पुन्हा टाळ्या. आम्ही इतक्या वेळा थांबत होतो की अक्षतेची वेळ आमच्याही पुढे पळायला लागली. नवऱ्याकडच्या एका वडीलधाऱ्यांचा चिडका आवाज ऐकू आला, "मुहूर्त कुनासाठी थांबत न्हाय." अक्कलकोट आलं आणि मी सांगितलं, "अक्कलकोट. उलटी नाही." मांडवात हलगी वाजली. थोड्या वेळाने तेच वडीलधारे माइकवर आले आणि म्हणाले, "म्याडम, मी बोलतोय, नवऱ्याचा चुलता. मैंदर्गी आली का?"

मैंदर्गीला मालकांनी टेंपो थांबवायला लावला. खाली उतरले, कमरेवर हात ठेवून इकडे तिकडे पाहिलं. लहानपणी ज्या नाक्यावरून बसमध्ये बसले होते तो नाका त्यांना सापडला की नाही कोण जाणे.

"म्याडम, गाव हितंच हाय की अजून," ते म्हणाले.

मग त्यांनी तिथे उलटी केली. मूळ जागी, असं ते नंतर अभिमानाने सांगत.

आम्ही मांडवात शिरलो तेव्हा अंतरपाट धरलेला होता. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला गिरिजा, आणि तिच्यामागे रिकामं स्टूल, त्यावर नुसता फेटा. बोलल्याप्रमाणे तिने तिथे कोणालाही उभं राहू दिलं नव्हतं. मांडवापर्यंत आणायचं मामाचं काम काकाने केलं होतं, पण पाठीमागची जागा त्यालाही मिळाली नव्हती. मालक पांढरेफटक झाले होते. टेंपोवाला आणि मी त्यांना दोन बाजूंनी धरून वर चढवलं. अक्काने स्टुलावरचा फेटा काढून त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि कानाशी म्हणाली, "मालक, हितं रेंज कशी हाय?"

"फुल हाय," मालक म्हणाले.

पण पाय लटपटत होते. त्यांना ज्याची भीती होती तेच होणार असं मला वाटलं. त्यांनी स्टुलाला धरलं, तर आखूड पाय टेकला आणि स्टूल डुगडुगलं, पुठ्ठा प्रवासात कुठेतरी पडला असावा. तो आवाज गिरिजाने ऐकला. तिने मागे वळून बघितलं नाही. नुसता डावा हात पाठीमागे केला. मालकांनी तो घट्ट धरला, आणि अक्षता संपेपर्यंत ते उभे राहिले. शेवटची अक्षता पडली आणि मग ते स्टुलावर बसले. काकाने माइकवरून तेही जाहीर केलं.

परतीचं कोणीच ठरवलं नव्हतं. मालकांना पुन्हा टेंपोत बसायचा धीर होईना. ते बहिणीकडे दुधनीलाच राहिले, दिवसांवर दिवस, आणि अक्का सोलापुरात मागच्या खोलीत बसून त्यांना फोनवर विचारायची, "जेवला का? का मी येऊ जेवायला?" शेवटी शेंगांची पोती सोलापूरला निघाली होती, त्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, पोत्यांवर, उघड्या वाऱ्यात, ते हळूहळू घरी आले. सगळ्या रस्त्यात त्यांना काहीही झालं नाही. पोत्याला कान लावून येत होते म्हणे, शेंगा वाजत होत्या. गल्लीत ट्रॅक्टर शिरला तेव्हा ते वर उभे होते आणि घरांच्या गच्चीवरच्या बायकांना नमस्कार करत होते.

त्यानंतर ट्रॅक्टर जाईल तिथवरची लग्नं त्यांनी ट्रॅक्टरने केली. पुणे आणि विजापूर मागच्या खोलीतच राहिलं, पूर्वीसारखंच दही घेऊन आणि टोपी घालून. गिरिजाकडे मात्र ते फोनने पुन्हा कधी गेले नाहीत.

मालक जाऊन आता काही वर्षं झाली. घाणा मुलाने गावाबाहेर नेला, घर विकलं, तिथे मोठी इमारत उभी राहिली. तिथल्या जिन्यात तेलाचा वास येत नाही, मी मुद्दाम जाऊन पाहिलं. अक्का गिरिजाकडे दुधनीला असते आणि डोळ्यासमोर धरायचा फोन कानाला लावते, त्यामुळे मला दर वेळी तिच्या कानातली फक्त कुडी दिसते. घर रिकामं करताना तिने मला विचारलं, काय नेता? मी स्टूल मागितलं.

दर रविवारी तुमचा फोन यायच्या आधी मी साडी बदलते, पर्स घेते, चपला घालते, दाराबाहेर जाऊन परत आत येते आणि तुमच्याकडे येते. तुम्ही ज्याच्यावरून मला बघता ते हेच स्टूल. पायाखाली मी नवा पुठ्ठा घातला आहे. बाकी ते जसंच्या तसं आहे, आणि फोन उचलून बाजूला ठेवला तर एक माणूस त्यावर अजून बसू शकतो.